यानुसची कबर

“तू फक्त एवढंच सांग,” मृदुलाचा भाऊ विनय फोनवर म्हणाला. “बाबा शेवटचे तुझ्याशी बोलले. म्हणाले, माझं सगळं रीतसर करा. बस. सतीशकाका तेच सांगतायत, पण आईचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. तुझ्यावर बसेल. ती जेवत नाहीये गं.”

मृदुला नेदरलँड्समधल्या तिच्या घरामागच्या अंगणात उभी होती. एप्रिल संपत आला होता, दुसऱ्या लाटेचा. भारतातून येणारी विमानं तिथल्या सरकारने नुकतीच बंद केली होती; ती गेली असती तर परतता आलं नसतं. तिचे वडील नाशिकला कोविडने गेले आणि महापालिकेच्या माणसांनी त्यांना परस्पर अग्नी दिला. जन्मभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलेला माणूस. ‘माझ्यामागे कसलाही विधी नको,’ हे ते लोकांच्या लग्नाच्या पंगतीत बसूनही सांगायचे. शेवटच्या कॉलवर त्यांनी विधींचं नावही काढलं नव्हतं. ऑक्सिजनचा आवाज कुकरसारखा येतो म्हणाले, आणि हसताना खोकले.

“बाबांना काय कळणार आहे?” विनय म्हणाला. “तेच म्हणायचे ना, मेल्यावर काही उरत नाही. आईला बरं वाटेल. विचार कर.”

फोन बंद झाला. कुंपणापलीकडे शेजारच्या तोनियाआजी वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मृदुला जे काही डच बोलायची, ते त्यांच्याकडूनच शिकली होती. “घरचं?” त्यांनी विचारलं. मृदुलाने सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

आजींनी खुर्ची कुंपणाकडे वळवली. मग म्हणाल्या, “माझ्या वडिलांचं नाव यानुस. इथल्याच कापडगिरणीत होते.”

तेव्हा त्या गावात सगळंच कॅथलिक होतं. शाळा, दवाखाना, वर्तमानपत्र, फुटबॉलचा क्लब. शेळ्या पाळणाऱ्यांची संघटनासुद्धा. कामगारांची युनियन कॅथलिक, मत द्यायचा पक्षही कॅथलिक. यानुस मात्र समाजवादी युनियनमध्ये होता. यंत्रात त्याची दोन बोटं गेली, तेव्हा त्याच्यासाठी भांडायला तीच माणसं आली होती.

चोपन्न साली बिशपांचं पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं. जो कॅथलिक समाजवादी युनियनमध्ये राहील, त्याला चर्चचे संस्कार मिळणार नाहीत. मेल्यावर चर्चची मूठमातीही नाही. यानुसने युनियन सोडली नाही आणि चर्चही सोडलं नाही. दर रविवारी जायचा. प्रसाद घ्यायला सगळे उठायचे, तेव्हा तो एकटा बाकावर बसून राहायचा.

“दोन वर्षांनी त्यांना झटका आला,” आजी म्हणाल्या. “वाचा गेली. तीन दिवस होते. ते गेल्यावर पाद्री आले. दारातच आईला विचारलं, यानुसने युनियन सोडली होती का? आई म्हणाली, हो. जायच्या आधी मला म्हणाले, सोडली.”

“वाचा गेली होती ना?”

“हो.”

घंटा वाजली. गाणी झाली. पवित्र केलेल्या जमिनीत यानुसला जागा मिळाली. त्याचे युनियनमधले सोबती निशाण घेऊन दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे होते. पाद्र्यांनी कबरीपाशी मोठ्याने सांगितलं, आपला भाऊ शेवटी परत आला. बाहेरच्यांनी ते ऐकलं. निशाण गुंडाळलं आणि कुणाशी न बोलता ते निघून गेले. नंतर त्यांच्यातलं कुणी यानुसचं नाव काढलं नाही.

“आई दर आठवड्याला कबरीवर जायची. परत आली की म्हणायची, आजही माझ्याकडे पाठ करून झोपलेत. आम्ही समजावायचो. ती म्हणायची, तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. पासष्ट साली बिशपांनी तो हुकूम मागे घेतला. आईला सांगितलं, तर म्हणाली, आता त्याचा काय उपयोग. शेवटी शेवटी ती घरातल्या त्यांच्या खुर्चीकडे बघूनही तेच म्हणायची. पाठ दिसते.”

“तुम्हाला कधी दिसली?”

आजींनी मान हलवली, ती हो होती की नाही, मृदुलाला कळलं नाही. “त्यांचा चेहरा आठवायला गेले,” त्या म्हणाल्या, “की मला आता पाठच आठवते.”

मृदुला आत आली. तिला भीती वाटत होती. बाबा पाठ फिरवतील याची नाही. आई खरं ऐकून कोसळेल, याची. रोज देवाला फूल वाहिल्याशिवाय चहा न पिणारी तिची आई. तरी तिने व्हिडिओ कॉल लावला.

आई पडद्यावर आली. चार दिवसांत ओळखू न येण्याइतकी वाळली होती. मागे सतीशकाका, त्यांच्या बाजूला विनय. विनयने तिच्याकडे पाहून हळूच मान डोलावली.

“मृदू,” आई म्हणाली, “बाबा तुला काही म्हणाले होते का? विधींचं?”

“नाही, आई. काहीच म्हणाले नाहीत. ऑक्सिजनचा आवाज कुकरसारखा येतो म्हणाले, आणि हसले. बदलले नव्हते ते.”

“अगं, पण मला स्वतः दादा...” सतीशकाकांनी सुरुवात केली.

“भावजी, थांबा,” आई म्हणाली. तिने फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. पलंगावर टेकली.

“आई, चुकलं का माझं?”

“चाळीस वर्षं भांडले मी त्यांच्याशी या एका गोष्टीवरून,” आई म्हणाली. “माझ्यासाठी बदलले नाहीत. मग मरताना सतीशभावजींसाठी बदलले असतील, तर मी इतकी वर्षं संसार कुणाशी केला, या विचाराने घास उतरत नव्हता गं.”