नागुबाईचा हेल

रंगमंचावर मष्णू मेलेल्या म्हशीसाठी रडत होता आणि सगळं थिएटर हसत होतं.

मष्णू हिरवं लुगडं नेसला होता. दोन्ही तळहात जमिनीवर आपटत त्यानं हेल काढला, “तुझं दावं गोठ्यात, तू अनवाणी कुठं निघालीस गं माझे म्हशी?” लोक खुर्च्यांवरून पुढं वाकून हसले. मागून कुणी शिट्टी मारली. मष्णूनं पदराच्या टोकानं नाक पुसलं, डावा गुडघा वर घेतला आणि पुन्हा हात आपटले.

पहिल्या रांगेत बसलेल्या नागुबाईनं ते ओळखलं. हात आपटणं तिचं होतं. नाक पुसणं तिचं होतं. शब्दही तिचेच होते. तिची अंजना बाळंतपणात गेली त्याला अजून दोन वर्षं झाली नव्हती. चिकोडीकडं लेकीच्या सासरी नागुबाई पोचली तेव्हा अंजनाच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या आणि अंजनाला अंगणात निजवलं होतं. “तुझ्या चपला दारात, तू अनवाणी कुठं निघालीस गं माझे बाय?” असं ती रडली होती.

शेजारी तिची धाकटी बहीण जयाबाई डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. नाटक जयाबाईच्या मुलानं, रवळूनं लिहिलं होतं. रवळू बेळगावात कारखान्यात कामाला होता आणि दरवर्षी आपल्या गावच्या, येळ्ळूरच्या पोरांना घेऊन नाटक बसवायचा. कोल्हापूरला जाऊन नाटकं बघायचा, खेड्यांतले कन्नड खेळ बघायचा. एकातली चाल घ्यायचा, दुसऱ्यातला प्रवेश घ्यायचा आणि तसं उघड सांगायचाही. चांगलं दिसलं की उचलावं, आपल्या मातीत लावावं, असं त्याचं म्हणणं. त्यावर कुणाची कधी तक्रार नव्हती.

पडदा पडल्यावर रवळू मावशीला हाताला धरून आत घेऊन गेला. पहिल्या रांगेतली खुर्ची त्यानं तिच्यासाठी मुद्दाम राखली होती. “मावशे, वळखलंस का? सगळं तुझंच हाय,” तो म्हणाला. मष्णू पाया पडायला वाकला. त्याच्या गालांवरची लाली घामानं ओघळून मानेपर्यंत आली होती. नागुबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिला त्या लालीची किळस आली, हातात दिलेल्या चहाची किळस आली. सगळ्यांत जास्त किळस रवळूच्या आनंदी चेहऱ्याची आली. त्यानं चोरून काही केलं असतं तर त्या चेहऱ्यावर कुठंतरी लाज असती. इथं ती औषधालाही नव्हती. अंजनाच्या मयताला हाच मावसभाऊ नागुबाईच्या शेजारी बसला होता.

“तू तिथं रडत हुतास,” तिनं विचारलं, “का पाठ करत हुतास?”

रवळू हसला. असं काळजातलं कुठं शोधून मिळत नाही, म्हणाला. शिवाय आपण लेकीच्या जागी म्हैस घातली आहे, तेव्हा कुणाला काही कळायचं नाही, असंही त्यानं तिला समजावलं. नागुबाईनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. बाहेर आल्यावर तिला भिंतीला धरून उलटी झाली.

परतीच्या गाडीत जयाबाईनं तिचा हात सोडला नाही. हसताना आपल्याला कळलंच नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. घरी गेल्यावर तिनं मुलाला तो प्रवेश काढून टाकायला सांगितलं. रवळूनं ऐकलं नाही. लोक त्या प्रवेशासाठीच येतात, म्हणाला. ते खरंही होतं. गावोगावच्या जत्रांतून नाटकाला बोलावणी आली. बेळगावच्या खडेबाजारात कुणाची सायकल पंक्चर झाली तरी पोरं तिच्याभोवती हात आपटून तो हेल काढायची.

पूर्वी गावात कुणाचंही मयत झालं की नागुबाईला हाक यायची. गेलेल्या माणसाचं खाणं, बोलणं, चालणं तिच्या हेलात यायचं आणि दगडासारख्या बसलेल्या माणसालाही रडू फुटायचं. त्या नाटकानंतर ती मयताला जाऊन बसायची, पण तोंड उघडायची नाही. नागुबाईला राग आलाय, असं लोक म्हणाले. रवळूलाही तसंच वाटलं.

पुढं एकोणीसशे एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात जयाबाई काविळीनं गेली.

तिला अंगणात निजवलं तेव्हा गल्ली माणसांनी भरून गेली. नाटकातली पोरं आली, वडगावची आली, तोंडओळख नसलेलीही आली. दारात उभं राहायला जागा उरली नाही. साधी शेतात तण काढायला, भांगलणीला जाणारी आपली आई, तिच्यासाठी एवढी माणसं आलेली बघून रवळूला भरून आलं. पण रडू येत नव्हतं.

बायका भोवती बसल्या. एकदोघी थोडं रडल्या आणि थांबल्या. सगळ्या नागुबाईकडं बघत होत्या. नागुबाई बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन तिचे केस नीट करत होती. तिचे ओठ थरथरत होते. ती ते दातांखाली दाबून धरत होती.

रवळू तिच्यासमोर येऊन बसला. आपलं चुकलं, तो प्रवेश आपण पुन्हा करणार नाही, असं त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि बहिणीचे केस सारखे करत राहिली. शेवटी त्यानं तिचे पाय धरले.

“मावशे, माझा राग आईवर काढू नगंस. तिच्यासाठी तरी रड.”

“राग न्हाय रं,” नागुबाई हळूच म्हणाली. “दाराकडं बघ, मग सांग रडू का.”

रवळूनं मान वळवली. दारातल्या गर्दीत सगळे नागुबाईकडंच बघत होते. पोरांनी टॉवेल तोंडांत कोंबून धरले होते आणि त्यांचे डोळे आधीच हसत होते.