चिमटीतला लव्हाळा

बाईंनी ढिगातून एक मूठ उचलली आणि विचारलं, "हे कोणी उपटलं?"

माळीमामा हात झटकत उठले. त्यांचा जावई बसूनच राहिला.

बंगल्याच्या गच्चीचं पाणी उतरतं, बागेच्या त्या सखल कोपऱ्यात बाईंनी हौसेनं इथल्याच ओढ्याकाठचे लव्हाळे लावून घेतले होते. अकरा ठोंब. मामांनीच लावले, दोन वर्षं जपले. आज त्यांच्यात घुसलेलं गवत काढायचं होतं. आता तिथं चारच ठोंब उभे होते.

दिसायला दोन्ही सारखंच. म्हणून मामांनी सकाळीच दाखवलं होतं, दांडी चिमटीत धरून फिरवायची. गवत गुळगुळीत फिरतं. लव्हाळा अडखळतो, त्याला तीन कडा असतात. "डोळ्यांवर जाऊ नका जावईबापू. चिमटीला विचारा." वर हसून म्हणाले होते, की लोक जावयाला पाटावर बसवतात, मी चिखलात बसवलंय.

जावयानं पहिल्या दहा-बारा दांड्या चिमटीला विचारल्या. मग एका कानात मॅच सुरू झाली आणि हात मोकाट सुटले. ढीग दोघांचा एकच होता.

मामांनी बाईंच्या हातातली एक दांडी घेतली. फिरवली. परत फिरवली. मग स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. बोटांची टोकं हल्ली बधिर वाटतात, हे त्यांनी फक्त जावयाला सांगितलं होतं.

"मीच असणार," ते म्हणाले.

एक वाक्य पुरलं असतं. जावयानं कानातलं बटण तेवढं काढून हळूच खिशात टाकलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या समजुतीनं बोलल्या. आता मामांनी सावलीत खुर्ची टाकून बसावं, नुसतं सांगावं, हाताचं काम जावई करेल. मामा मान हलवत राहिले. चाळीस वर्षं त्यांना कामात कोणी खुर्ची दिली नव्हती.

मग दोघं ढीग निवडायला बसले. मुळं अजून ओली होती, लगेच लावले तर जगणार होते. मामा दांडी फिरवायचे आणि तरीही जावयापुढे धरायचे.

"लव्हाळाच ना हा?"

"हो."

"आणि हे गवत."

"हो, मामा."

एकदाही चुकले नाहीत. कामाला बोटं अजून पक्की होती. पण हे सांगायचं तर जावयाला पुढचंही सांगावं लागणार.

सातवा ठोंब दाबून मामांनी पाणी घातलं. खुरपं पुसलं. रोज स्वतःच्या पिशवीत टाकायचे, आज जावयाच्या पिशवीत ठेवलं.

"घरी पोरीला यातलं काही बोलू नका," ते चिखलाकडे बघत म्हणाले. "उगाच जिवाला लावून घेईल."

"नाही बोलणार," जावई म्हणाला.

इतक्या झटकन, की मामांनी मान वर केली.