हळवा नायक

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकासाठी अश्वजितनं मोबाईलवरची व्यक्तिमत्त्व चाचणी दोनदा सोडवली. नायकासाठी स्वतःची खरी उत्तरं दिली. निकाल आला, 'हळवा, सोशिक, विचारी.' गावभरची जमीन हडपणाऱ्या खलनायकासाठी सगळी उत्तरं उलटी दिली. निकाल आला, 'धाडसी, धोरणी, कर्तबगार.' दोन्ही पात्रं अगदी तशीच लिहून काढली आणि नायक तो स्वतःच झाला, कारण त्याला पाहायला मुलचेऱ्याहून मुलीकडचे येणार होते.

नाटक सुटताच मुलीचे वडील लहानूभाऊ डोळे पुसत पडद्यामागे आले.

"बेस काम केलं बापू तुमी. मले तं रडूच आलं."

अश्वजित लाजून पाया पडायला वाकला.




"असू द्या, असू द्या. त्या जमीन हडपनाऱ्या पोराचं लगन झालं काय?"