ज्याचं त्याच्या डोक्यातलं

आमगावच्या ओमेशने सहा वर्षांपूर्वी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा बनवली आणि फुकट वाटली. आज देशोदेशीचे चार हजार प्रोग्राम तिच्यावर चालतात. दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मतदान एकाच गोष्टीवर होतं: याद्या क्रमाने लावणारं वेगवान फंक्शन भाषेतच तयार द्यायचं की नाही.

"नाही," ओमेश म्हणाला. "तयार भेटलं का लोकं डोकं वापरत नाहीत. ज्यानं त्यानं आपलं लिहावं."

"पण लोकायनं लिहिलेलं लय हळू चालून राहिलं, ओमेशभाऊ," दवनीवाड्याची चेतना म्हणाली. ती सुरुवातीपासून त्याच्यासोबत काम करते, पण ऐकून घेत नाही. "काऊन अडवून राहिले तुमी?"

स्वयंपाकघरातून अनुसयाबाईंनी आवाज दिला, "ओमेश, भात थंडा होऊन राहिला."

"थांब न माय, जगाचा सवाल आहे." मग तो चेतनाला म्हणाला, "हळू चालो का जोरात, ज्याचं त्याच्या डोक्यातलं आहे. खोटं वाटत असन तर उघडून पाय."

चेतनाने चारही हजार प्रोग्राम तपासले आणि निकाल सर्वांच्या स्क्रीनवर टाकला. जपानपासून ब्राझीलपर्यंत तीन हजार नऊशे जणांनी आपापल्या डोक्याने लिहिलेल्या फंक्शनमध्ये, सातव्या ओळीवर, ओमेशने पहिल्या वर्षी दिलेल्या नमुन्यातली टीप जशीच्या तशी होती.



"माय जेवाले बोलावून राहिली. हे लय हळू चालते, जेवून आलो का नीट करतो."