गिटारची खुळखुळ
गंज घासून काढला, नव्या तारा चढवल्या, तरी सासऱ्यांची स्टील गिटार खुळखुळतच होती. दुरुस्तीवाल्यानं ती पालथी करून हलवली, तशा भोकातून मूठभर गोळ्या टेबलावर सांडल्या. सुनेनं एक उचलून पाहिली. रक्तदाबाच्या याच गोळ्या ती रोज सकाळी सासऱ्यांच्या हातावर ठेवायची. “एक गोळी धड देता आली नाही तुला,” ते गेल्यापासून नवरा तिला येताजाता ऐकवत होता. आता तोच खालमानेनं पुटपुटला, “म्हणजे तू देत होतीस.” तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं; तिला त्या सकाळी आठवत होत्या. पाण्याचा पेला ठेवायला ती वळली, की सासरे लगेच गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून सळई फिरवायचे. “ही तुझी बक्षिसी, सूनबाई!” त्या सुरांत गोळी आत पडल्याचा आवाज बुडायचा, आणि ती खुळी हसायची. “वाजवून दाखवू?” दुरुस्तीवाल्यानं विचारलं. “तारा काढून टाका,” ती म्हणाली.