रेडिएटरवरचा काटा

काकांची म्हातारी गाडी रोज लोटाभर कूलंट गट्टम करायची, पण खाली अंथरलेला पुठ्ठा मात्र कोरडा ठणठणीत. काकूंची बोलणी ऐकून काकांचे कान किटले होते.

शेवटी मिस्त्रीने रेडिएटरच्या तोंडावर दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंप बसवून आत हवा भरली. "काका, काटा उतरला की समजायचं, गळतंय."

काटा उतरला. मग आपणहून चढला. पुन्हा सावकाश उतरला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

"इंजिन बंद आहे ना?" मिस्त्रीने घाम पुसला.

"चावी माझ्या खिशात आहे," काका पुटपुटले.

मागच्या सीटवर आपली उशी शोधत बसलेल्या काकू करवादल्या, "पुरे झाले या खटाऱ्याचे लाड! भंगारवाला निघालाय."

काटा जागच्या जागी थांबला.

मग काकूंना आत घेऊन चारही दारं खटकन लॉक झाली.