दार कुणी उघडलं?

"त्या नशामुक्तीवाल्यांची गाडी घरी बोलावू नकोस गं, माणसाला फरपटत नेतात," समोरच्या मेहरुनआपा म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "आपा, दिग्विजय भाऊजी स्वतःच्या पायांनी थोडेच जाणारेत!"

आज गाडी आली तेव्हा मी सृष्टीला आणायला पाळणाघरात गेले होते. परतले तर दार सताड उघडं. आपा म्हणाल्या, "मला नुसतं ओरडणं ऐकू आलं गं. 'मी नशा करत नाही, सोडा मला!'" वाईट वाटलं, पण मनात आलं, भाऊजी नेहमी हेच तर म्हणतात.

तासाभराने दिग्विजय भाऊजी दारात उभे. "वहिनी, दादाची बाईक खाली आहे. आज कामावरून लवकर आला का? कुठाय तो?"

केंद्रात फोन केला. "अहो, तुम्ही दिग्विजयऐवजी माझ्या नवऱ्याला, तेजसला नेलंय! तो चहासुद्धा पीत नाही!"

"मॅडम, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या घरचे असेच रडतात. पंधरा दिवसांनी भेटायला या."

आता तो फोन बंद आहे. पत्ता 'कात्रजच्या पुढे' एवढाच सांगितला होता.



तिकडे कुणी राहत असाल तर प्लीज, तिथल्या नशामुक्ती केंद्रांच्या बंद गेटवर जाऊन तेजसची चौकशी करा. आणि तो 'मी नशा करत नाही' म्हणाला, तर तुम्ही तरी खरं माना.